न वाजलेला ठोका

दुपारी सव्वाच्या सुमाराला, खराडीतल्या आपल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये, जेवणाचा ट्रे हातात घेऊन चाललेला प्रज्ञेश मध्येच थबकला आणि वाटीतली आमटी कलंडून त्याच्या बाहीवर सांडली. थबकायचं काही कारण नव्हतं. समोर कोणी आलं नव्हतं, फरशी ओली नव्हती. पलीकडच्या कोपऱ्यात टेबलं भिंतीला सरकवून नव्या बॅचची पाच-सहा पोरं नाचाचा सराव करत होती, आणि त्यांच्या चिमुकल्या स्पीकरवर काहीतरी वाजत होतं. गाणं नव्हे, नुसता यंत्राचा ठोका, त्याखाली एक बुटका, जाड आवाज, शब्द नाहीत. प्रज्ञेशचं तिकडे लक्षही नव्हतं. तो रिकामी खुर्ची शोधत होता. पण चौथ्या फेरीला एक ठोका गाळला जाणार हे त्याच्या उजव्या पायाला आधीच कळलं होतं. पाय उचललेला तसाच राहिला, ठोका खरोखरच गाळला गेला, आणि त्या रिकाम्या जागेत त्याचं सगळं अंग क्षणभर उभं राहिलं. मग ठोका परत आला, पाय खाली आला, आमटी सांडली.

"काय हो, चक्कर आली का?" शेजारच्या टेबलावरून नीरजानं विचारलं. ती एचआरमध्ये होती. कोणाला कधी काय झालं याची विचारपूस करणं तिच्या नोकरीतच बसत होतं.

"नाही. ते... यांच्या गाण्यामुळे."

"फार मोठ्याने लावलंय ना? सांगते मी त्यांना."

"नको, नको. बरोबर लावलंय," तो म्हणाला, आणि बेसिनकडे गेला.

बाहीवरचा डाग साबण लावल्याबरोबर लाल झाला. हळदीचं असंच असतं हे माहीत असूनही तो चोळत राहिला. बेसिनपर्यंत तो ठोका पोचत होता, पण पातळ होऊन. त्याच्यातला खालचा जाड आवाज वाटेतच कुठेतरी गळून पडत होता. नऊ वर्षांत त्याने असलं काही मुद्दाम ऐकलं नव्हतं. रिक्षात, मॉलमध्ये, कोणाच्या लग्नात कानावर पडलं असेल, पण कानावर पडणं निराळं आणि पायाला कळणं निराळं. तो तेहेतीस वर्षांचा होता. परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या चार टीम त्याच्या हाताखाली होत्या, पोट जरासं सुटलं होतं, आणि आपला पाय अजून शिल्लक आहे ही बातमी त्याला मुळीच आवडली नाही.

खडकीच्या क्वार्टरमध्ये बाबांनी कॉम्प्युटर आणला तो नव्व्याण्णव साली. बाबा, म्हणजे तात्याराव, दारूगोळा कारखान्यात होते. दोन खोल्यांच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखालची जागा कॉम्प्युटरला मिळाली, आणि आईने, प्रेमलानं, त्याच्यावर टाकायला भरतकामाचा रुमाल केला. प्रज्ञेश तेव्हा वीस वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला; धाकटी बहीण मैत्री सोळाची. कॅम्पातल्या फुटपाथवर त्याने एक सीडी घेतली, तिच्या वेष्टनावर हिंदी सिनेमाच्या दीडशे गाण्यांची यादी होती, आणि आत त्यातलं एकही गाणं नव्हतं. आत हे होतं, नुसत्या यंत्राच्या ठोक्यांचं. कुठल्या देशातल्या कोणी केलेलं, कळायला मार्ग नव्हता. फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे. त्याने ती बदलून आणायला म्हणून पिशवीत घातली आणि पाच मिनिटांनी परत काढली.

मैत्रीनं केबलवर काहीतरी पाहिलं होतं. दोन पोरं समोरासमोर उभी, एक जमिनीवर हात टेकून पायांनी गोल काढतो, डोक्यावर फिरतो, अचानक एका हातावर थिजून राहतो आणि समोरच्याकडे बघतो: ये आता. तिने ते स्वयंपाकघरात करून पाहिलं आणि भांड्यांची मांडणी खाली आणली. मग वस्तीतल्या विहाराची गुळगुळीत फरशी तिच्या डोळ्यांत भरली. दुपारी विहार बंद असे. किल्ली बापूरावांकडे, आणि बापूराव म्हणजे कमिटी. त्यांनी मैत्रीचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बुटं बाहेर काढायची," ते म्हणाले. "आणि बाबासाहेबांच्या, भगवंतांच्या मूर्तीकडे पाय करायचे नाहीत."

"काका, डोक्यावर फिरताना पाय सगळीकडेच जातात."

बापूरावांनी विचार केला. खरंच केला, ते तसे न्यायी होते. "फिरते पाय चालतील," ते म्हणाले. "थांबवायचे नाहीत तिकडे."

म्हणून मैत्री नेहमी दाराकडे पाय करून थिजायची. कितीही वेगात फिरत असली तरी थांबायची ती दाराच्या बाजूलाच, बोटभरही इकडेतिकडे नाही. पुण्यातली दुसरी पोरं जिथे तोल मिळेल तिथे थांबत. हिचं थांबणं आधी ठरलेलं असे. लोकांना त्यात काहीतरी विलक्षण दिसायचं. प्रज्ञेश कोपऱ्यात दोन स्पीकर लावून बसायचा आणि त्याला वाटायचं, हे विलक्षण आपल्यामुळे आहे.

कारण ठोके तो द्यायचा. फुटपाथवरच्याच दुसऱ्या एका सीडीतून त्याला ठोके जुळवायचा प्रोग्राम मिळाला होता, आणि डिप्लोमाचा अभ्यास सोडून तो त्यात बुडून गेला होता. सिनेमाच्या गाण्यावर हा नाच का बसत नाही, याचा त्याने तेव्हा जेवढा विचार केला तेवढा पुढे आयुष्यात दुसऱ्या कशाचाच केला नाही. गाणारा माणूस श्वास घेतो. ढोलकीवाला रंगात आला की जरा पुढे पळतो, आणि मधली प्रत्येक फट भरून टाकतो, जशी काही फट म्हणजे त्याची बेअब्रू. गाण्याला चढ असतो. शेवटाकडे ते वर जातं आणि नाचणाऱ्यालाही वर ओढतं, हातांकडे, चेहऱ्याकडे, बघणाऱ्यांकडे. मैत्रीचा नाच तर सगळा खाली होता, मनगटात, खांद्यात, फरशीला घासणाऱ्या पाठीत. शिवाय ती लढाई. एक येऊन डिवचून जातो, मग दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि काय वाजणार हे दोघांनाही ठाऊक नसतं. तेव्हा वाजणारं असं पाहिजे की दोन फेऱ्यांत पुढचं सगळं कळावं, आणि कळूनही कंटाळा येऊ नये. त्याने कोणाची बाजू घेता कामा नये. यंत्र दमत नाही, कोणावर खूश होत नाही, पडणाऱ्यासाठी थांबत नाही. त्याच्यापुढे दोघं सारखेच. आणि त्याच्या ठोक्याला कडा असते. तबल्याचा आवाज विरत जातो, हा कापल्यासारखा संपतो. त्या कडेला पाय अडकवून माणसाला थिजता येतं. मिनिटाला एकशे पंधरा ठोके, फार तर एकशे तीस. त्याच्यावर गेलं की पायांचं काम फासल्यासारखं दिसतं, खाली आलं की फिरकी मरते. हे सगळं त्याने वहीत लिहून ठेवलं होतं. आणि सगळ्यांत महत्त्वाची ती रिकामी जागा. तीन फेऱ्या सारख्या द्यायच्या, शरीराला भरवसा वाटू द्यायचा, आणि मग एक ठोका द्यायचाच नाही. त्या न वाजलेल्या ठोक्यात मैत्री एका कोपरावर उलटी उभी असायची, पाय दाराकडे, श्वास कोंडलेला. सबंध विहार तेवढा वेळ तिच्या कोपरावर उभा असायचा.

घरी बाबांना वाजवणं खपत नसे. गणपतीत रेंजहिल्सकडून ढोल-ताशे यायला लागले की ते उठून खिडकी लावत. आजोबा, गेनबा, गावात हलगी वाजवत. लग्नाला, जत्रेला, मेलेल्या ढोराला, कोणी बोलावेल तिथे. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरामागे हलगी जाळली. बाबा तेव्हा दहा वर्षांचे होते. चामडं पेटत नाही, नुसतं आक्रसतं आणि वास सोडतं, दोन दिवस तो वास अंगणातून गेला नाही, असं त्यांनी एकदाच सांगितलं होतं. म्हणून एका संध्याकाळी ड्यूटीवरून आलेले बाबा डबा हातात धरून कॉम्प्युटरमागे उभे आहेत हे लक्षात आल्यावर प्रज्ञेशचा हात आपोआप स्पीकरकडे गेला. त्याने आवाज बंद केला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "कोण वाजवतंय हे?"

"कोणीच नाही, बाबा. मशीन आहे."

"म्हणजे माणूस कोणीच नाही?"

"नाही."

"चामडं?"

"ते पण नाही. विजेवर आहे सगळं."

बाबा बराच वेळ पडद्यावरच्या चौकटींकडे बघत राहिले. मग "चालंल," म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले. त्या रात्रीपासून खिडकी उघडी राहिली. प्रज्ञेशला वाटलं, आपल्याला कधी कोणी दिला नव्हता असा मान मिळाला. पुढे कंपनीत त्याला तीन बढत्या मिळाल्या; त्यांतली एकही ह्या 'चालंल'च्या जवळपास गेली नाही.

बेसिनवरून तो परत आला तेव्हा पोरांनी स्पीकर बंद केला होता आणि नीरजा त्याच्याच टेबलावर येऊन बसली होती. "तुम्हाला यातलं कळतं म्हणे," ती म्हणाली. कोणी सांगितलं कोण जाणे. बहुधा त्याच्या तोंडावरच लिहिलेलं असावं. "पुढच्या शनिवारी आपल्या पार्कमधल्या कंपन्यांची ब्रेकडान्सची बॅटल आहे. जज मिळत नाहीये. दुपारी तीनला. बघा ना."

"मला नाही कळत. माझ्या बहिणीला कळतं," प्रज्ञेश म्हणाला. आणि लगेच, जणू दुसऱ्याच कोणीतरी त्याच्या तोंडून बोलावं तसं, "म्युझिक मी लावीन," म्हणाला.

मैत्री अजून खडकीतच राहत होती, नवऱ्याच्या क्वार्टरमध्ये. महापालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवायची. फळ्यावर लिहिताना तिचा उजवा हात पूर्ण सरळ होत नसे. वरच्या ओळी ती डाव्याने लिही, त्या जरा तिरक्या येत. रविवारी तो गेला तेव्हा ती गॅदरिंगची तयारी करत होती. फोनवर सिनेमाचं गाणं लावून ती पोरींच्या रांगा कागदावर आखत होती. ढोलकी फटाफट सगळ्या फटी बुजवत चालली होती.

"हे कशाला निवडलंस?" त्याच्याने राहवलं नाही.

"मुलांना शब्द लागतात रे, दादा. शब्दांवर हात करायचे. फुलं म्हटलं की फुलं, पाऊस म्हटलं की पाऊस." तिने फोन बंद केला. "काय काम काढलंस?"

त्याने सांगितलं. ती नाही म्हणेल असं त्याला वाटलं होतं. तिने नाही म्हणावं अशी त्याची थोडी इच्छाही होती. ती म्हणाली, "शनिवारी शाळा साडेबाराला सुटते. येईन की. चहा बरा मिळतो का तुमच्याकडे?"

परतताना होळकर पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. हेल्मेटच्या आत स्वतःचा श्वास ऐकत तो उभा राहिला, आणि दोन हजार तीनचा तो रविवार, जो त्याने कधी संपूर्ण आठवू दिला नव्हता, संपूर्ण आठवला. कॅम्पातला एक हॉल. नाचाची स्पर्धा, सोळा जणांत मैत्री एकटीच मुलगी. आदल्या दिवशीच्या तीन फेऱ्यांत ठोके त्याने दिले होते, कारण भरवणाऱ्यांकडे धड काही नव्हतं आणि ह्याच्याकडे सीड्यांची पिशवी होती. मैत्रीने तिघांना घरी पाठवलं. फायनल रविवारी चारला, शनिवार पेठेतल्या पुष्करशी. आणि त्याच रविवारी सकाळी दहाला कल्याणीनगरला एका कॉल सेंटरचे इंटरव्ह्यू होते. बाबांनी कात्रण काढून ठेवलं होतं, शर्टाला आईने इस्त्री केली होती. एकपर्यंत मोकळा होईन, त्याने हिशेब केला. मैत्री दारात येऊन म्हणाली, "सीड्या ठेवून जा. कोणीतरी लावील." तो म्हणाला, "मी येतोय ना." आणि पिशवी खांद्याला लावून गेला.

एवढंच. एवढंच होतं ते. सीड्या तिला देऊन जाता आल्या असत्या. त्यांवर नंबर घातलेले होते. कोणालाही लावता आल्या असत्या. पण दुसऱ्या कोणाचं बोट त्या बटणावर पडावं, फायनलचा तो न वाजलेला ठोका दुसऱ्या कोणाच्या हातून न वाजावा, हे त्याला नको होतं. त्या टेबलामागे त्याला उभं राहायचं होतं. इंटरव्ह्यूच्या पाच फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीनंतर काचेच्या केबिनबाहेर लाल खुर्च्यांवर बसवत. मांडीवर पिशवी, पिशवीत सीड्या. दोन वाजले. तीन. उठून जाता येत होतं, दार उघडंच होतं. गार हवा होती, प्यायला गार पाणी होतं, आणि एक मुलगी येऊन त्याला 'प्रज्ञेश' म्हणायची, आडनाव विचारायची नाही. सव्वापाचला त्याच्या हातात पत्र पडलं.

पेढे घेऊन तो घरी आला तेव्हा घराला कुलूप होतं. सगळे हॉस्पिटलमध्ये. भरवणाऱ्यांनी त्यांच्याकडचं कुठलंसं रीमिक्स लावलं होतं. त्यात एका जागी ठोका थांबणार असं वाटत होतं. मैत्री तेवढ्यासाठी कोपरावर गेली. आणि तिथे थांबण्याऐवजी धडाधड ढोल आले. ती हलली, आणि कोपर तिच्या वजनाखाली उलट्या बाजूला गेलं. हे त्याला पुष्करने सांगितलं, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, पार रडकुंडीला येऊन. "साला काय गाणं लावलं होतं," पुष्कर म्हणत होता, "मला पण कळेना कुठे थांबायचं." आत मैत्री प्लास्टर घालून पडली होती. आईने पेढ्यांचा पुडा फोडला, कारण पोराला नोकरी लागली होती आणि तेही खोटं नव्हतं. मैत्रीने डाव्या हाताने एक पेढा खाल्ला. "अभिनंदन, दादा," ती म्हणाली. आणि मग, छताकडे बघत, "सीड्या तुझ्याकडेच होत्या ना?"

"हो."

"मग बरंय. मला वाटलं हरवल्या."

नऊ वर्षं तो ह्या वाक्याला सगळ्या बाजूंनी चाचपत आला होता. त्यात टोचणारं काही असेल तर ते कुठे आहे, हे त्याला कधी सापडलं नाही. नव्या कंपनीत रुजू झाल्यावर महिन्याभराने त्याने कॉम्प्युटरवरचा तो प्रोग्राम काढून टाकला. मैत्रीचं कोपर जुळलं, पण वाकडं जुळलं. त्याच्यावर पुन्हा कोणी उभं राहणार नव्हतं. तिने एकदाही काही म्हटलं नाही, आणि ती म्हणत नाही याचं त्याला काय करावं ते कळत नसे. पण एक गोष्ट त्याच्या मनात हळूहळू पक्की झाली होती, आणि ती कितीही दुखली तरी तिला टेकून तो उभा होता: त्याचे ठोके असते तर ती पडली नसती.

शनिवारी मैत्री तीनला दहा कमी असताना आली, खांद्याला वह्यांनी फुगलेली झोळी. गेटवरच्या मशीनने तिचा फोटो काढला, तो गळ्यात अडकवून ती वर आली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "केवढं रे गार ठेवता." मोठ्या हॉलमधल्या खुर्च्या हलवल्या होत्या, मध्ये लाकडी फरशीचा चौकोन. प्रज्ञेश टेबलामागे उभा राहिला. पुढ्यात लॅपटॉप, दोन्ही बाजूंना त्याच्या छातीएवढे स्पीकर. आठ दिवस त्याने घरी जुन्या सीड्या उकरून, जे वाचत होतं ते उतरवून घेतलं होतं. पहिला ठोका पडला तेव्हा त्याच्या पायांखालची फरशी हलली.

पोरं बरी नाचत होती. म्हणजे टाळ्या पडत होत्या, शिट्ट्या वाजत होत्या. नीरजा फोटो काढत होती. मैत्री परीक्षकांच्या टेबलाशी बसून कागदावर काहीतरी लिहीत होती, मध्येच पेन थांबवून बघत होती. टेबलाला खालून कापड नव्हतं. प्रज्ञेशला तिच्या चपला दिसत होत्या, आणि चपलांत पावलं. तो त्या पावलांसाठी वाजवत होता. एकामागून एक तो जुने, ओळखीचे ठोके देत गेला, विहारातल्या दुपारचे, पहिल्या स्पर्धेचे. प्रत्येक रिकाम्या जागेआधी तो टेबलाखाली बघायचा. पावलं स्थिर होती. मांजर निजावं तशी.

एका फेरीनंतर ओवी नावाची नव्या बॅचमधली मुलगी, घामेजलेली, मैत्रीकडे गेली. "मॅम, तुम्ही खूप भारी करायच्या म्हणे. सर सांगत होते. एक राउंड प्लीज, फक्त शो म्हणून?"

"अगं, आता फळा पुसला तरी खांदा धरतो माझा," मैत्री म्हणाली, आणि सगळे हसले, तीही हसली.

शेवटच्या फेरीला त्याने ते लावलं. त्या फायनलसाठी केलेलं, कधीच न वाजवलेलं. तीन आठवडे खपून केलं होतं. त्यातली रिकामी जागा इतरांहून दीडपट मोठी होती, कारण मैत्रीला तेवढं थांबता यायचं, दुसऱ्या कोणाला येत नसे. ठोक्यांची पहिली फेरी गेली. दुसरी, तिसरी. चौथ्या फेरीला ठोका नाहीसा झाला आणि त्या प्रचंड हॉलमध्ये नुसती एसीची घरघर उरली, आणि त्याच क्षणी मैत्रीच्या उजव्या पायाचा अंगठा चपलेतून वर आला. प्रज्ञेशच्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. अंगठा डाव्या घोट्यापाशी गेला, तिथे त्याने दोनदा खाजवलं, आणि तो परत चपलेत गेला. डास असावा. ठोका परत आला. त्याने तो तुकडा पुन्हा लावला, आणि पुन्हा. घोट्यावर आता काहीच होत नव्हतं.

तिला बायपासच्या स्टॉपवर सोडायला तो चालत गेला. पाचाचं ऊन काचेच्या इमारतींवरून रस्त्यावर फेकलं जात होतं, सगळे डोळे बारीक करून उभे होते.

"शेवटचं ते किती वेळ लावून ठेवलं होतंस," मैत्री म्हणाली. "पोरं दमली ना."

"ओळखलं नाहीस?"

"काय?"

"तुझ्या फायनलचं होतं ते. तेव्हा वाजवायचं राहिलेलं."

"हो का?" ती म्हणाली. "चांगलं होतं."

मग त्याने ते सांगून टाकलं. नऊ वर्षं शब्द न् शब्द जुळवून ठेवलेलं होतं, पण बाहेर पडलं ते भलतंच, तुटक. की सीड्या मुद्दाम ठेवल्या नाहीत. की टेबलामागे त्यालाच उभं राहायचं होतं. की तो उठून येऊ शकत होता. ती ऐकत होती, पण बसचा नंबर बघायला मान तिकडे करून.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"तुला दुसऱ्या कोणी हात लावलेला चालायचा नाही. त्यात काय एवढं?" मग ती त्याच्याकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर, तिसरीतल्या पोराची चूक समजावताना असेल तसा, थकलेला आणि सरळ भाव होता. "दादा, त्या गाण्याने नाही रे झालं. माझं कोपर महिनाभर दुखत होतं. त्या दिवशी सकाळी वेणी घालता येत नव्हती, आईने घातली. हात टेकवला तेव्हाच मला कळलं होतं की हा जाणार. तू असतास, काहीही वाजवलं असतंस, तरी गेलाच असता."

"बोलली नाहीस कधी."

"बोलले की. दोनदा. तू हेडफोन लावून बसलेला असायचास."

आता बसचा नंबर तो बघू लागला.

"आणि खरं सांगू? ते तुझं गाळलेलं वगैरे मला कधी नीट ऐकूच यायचं नाही. दुपारी आई झोपलेली असायची ना, मी टीव्हीचा आवाज बंद करून शिकले सगळं. मी आपली पोटात मोजायचे. म्युझिक काय, लागलेलं असायचं." आणि मग, त्याच्या तोंडाकडे बघून घाईघाईने, "छानच असायचं. नाही असं नाही."

बस आली. ती खरं बोलली की त्याला मोकळं करायला बोलली, हे तिच्या पाठीवरून कळण्यासारखं नव्हतं. डाव्या हाताने दांडा धरून ती चढली, झोळी आधी आत टाकली, आणि खिडकीतून "जा, जा आता, ऊन आहे," असं हाताने केलं. बस गेल्यावरही तो तिथेच उभा राहिला. आतून काहीतरी काढून घेतलं गेलं होतं, आणि जिथून काढलं तिथे वेदनाही नव्हती. अपराध होता तोवर निदान त्याच्या ठोक्यांत एक हात मोडण्याची किंवा वाचवण्याची ताकद होती. आता त्यांनी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. काही घडवलंही नव्हतं.

खिशात फोन थरथरला. नीरजाचा मेसेज: विजेत्याचं नाव पाठवा, मेल टाकायचाय. त्याने बोटं उचलली आणि ती तशीच राहिली. निकाल मैत्रीनेच सांगितला होता, माइकवर, सगळ्यांसमोर. कोणीतरी पुढे आलं होतं, हात वर झाले होते. त्याने आठवून पाहिलं, आणि त्याला दोन चपला दिसल्या. दोन तासांत त्याने एकही नाच बघितला नव्हता. कोण डोक्यावर फिरलं, कोण पडलं, कोणाचा हात दुखत होता, काही नाही. विहारातल्या दुपारी आठवल्या तेव्हा तिथेही त्याला स्पीकर दिसले, फरशी दिसली, वहीतले आकडे दिसले.

त्याने ओवीला फोन लावला. नंबर तिचाच होता त्याच्याकडे.

"ओवी, ते निकालाचं विचारायचं होतं. जिंकलं कोण?"

मागे पोरांचा गलका चालला होता.

"सर, मी," ती म्हणाली. "मीच जिंकले ना. तुमच्यासमोरच तर."

"हो, हो," प्रज्ञेश म्हणाला. "स्पेलिंग सांग नावाचं. मेलमध्ये चुकायला नको."

तिने सांगितलं. इंग्रजी तीन तर अक्षरं होती. त्याने ती लिहून घेतली.